ऱ्हाईनवरचा घाट

आखनला नदी नाही. डॉक्टरांची जर्मनीतल्या त्या गावाबद्दल ही एकच तक्रार होती आणि ती ते रोज करायचे. विद्यापीठ झकास, बसा वेळेवर, सायकल काढली की तासाभरात दोन देशांच्या सीमा ओलांडून जेवायला घरी परत, हे सगळं त्यांना कबूल होतं. "पण नदी नाही, मर्दा. नदी नसलेल्या गावात माणसानं शिकावं, राहू नये," असं म्हणायचे आणि स्वतः सहा वर्षं राहिले. गावात गरम पाण्याचे झरे आहेत. सडक्या अंड्यासारखा वास येतो त्यांना, आणि लोक लांबून ते बघायला येतात. डॉक्टर एकदाच बघायला गेले. परत आल्यावर "आजारी पाणी आहे" एवढंच म्हणाले आणि कांदा चिरायला बसले.

त्यांना डॉक्टर म्हणायचो, कारण ते होतेच डॉक्टर. औषधाचे नव्हेत, धातूंचे. एका संस्थेत धातूंच्या थकव्यावर त्यांचं संशोधन चालायचं. पोलादाची एक पट्टी मशीनमध्ये अडकवायची, ती लाखो वेळा वाकवायची आणि कधी मोडते त्याची वाट बघत बसायचं. मला हसू यायचं. यावर ते सांगायचे की धातू कण्हत नाही, शेवटच्या वाकण्यापर्यंत अगदी ठणठणीत दिसतो, म्हणून तर त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, मास्टर्स करायला आलेला, आणि त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात उंटरमीटर, म्हणजे आपला पोटभाडेकरू. ते अडतीसच्या आसपास असतील. मला नावानं त्यांनी कधीच हाक मारली नाही. पहिल्या दिवशी मी "मूळचे पुण्याचेच आम्ही" असं म्हणालो, तेव्हापासून मी पुणेकर झालो तो झालोच.

पुणेकर म्हणजे मत प्रत्येक गोष्टीवर, आणि पोहता एकाही पाण्यात येत नाही. हे मी नाही, ते म्हणायचे. खरंच होतं. आजही खरं आहे.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत जॅमच्या रिकाम्या बाटल्यांची रांग होती. प्रत्येकीत पाणी, प्रत्येकीवर मराठीत चिठ्ठी. नेकार. मोझेल. डोनाऊ. एल्बे. वेझर. ज्या नदीत पोहून झालं तिचं एक बाटलीभर पाणी घरी यायचं. महिन्याच्या पासवर जेवढ्या गाड्या चालतात त्या सगळ्या बदलत बदलत ते शनिवार-रविवारी नद्या गाठायचे. लोक राजवाडे बघतात, चर्चचे मनोरे चढतात. डॉक्टर सहा तास प्रवास करून एखाद्या शहरात जायचे, स्टेशनवरून थेट नदीवर, तिथून थेट स्टेशनवर. ड्रेस्डेन कसं आहे म्हणून विचारलं तर म्हणायचे, "गार आहे, पण तळाला वाळू चांगली."

एकदा नळाचं पाणी बंद होतं. हाउसमाइस्टरनं, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्यानं, आठवडाभर आधी जिन्यात नोटीस लावली होती. मी ती वाचली नव्हती, कारण जर्मन नोटिसा वाचल्या की माझं डोकं दुखायचं. चहा तर हवा होता. मी खिडकीतली एक बाटली किटलीत ओतली. डॉक्टर आले, रिकामी बाटली बघितली, माझ्या हातातला कप बघितला आणि खुर्चीवर बसले. मी वेझर प्यायलो होतो. मला वाटलं, आता घर सोडावं लागणार. त्यांनी रिकाम्या बाटलीला झाकण लावलं. मग म्हणाले, "पोटात गेली ना? झालं तर. आता तू तिच्याकडचा." पुढच्याच शनिवारी जाऊन दुसरी बाटली भरून आणली. मला दोन दिवस पोटाचा त्रास झाला, तो मी त्यांना सांगितला नाही.

रांगेतली पहिली बाटली मात्र रिकामी होती. तिच्यावर चिठ्ठी होती, ऱ्हाईन. सगळ्यांत जवळची नदी, गाडीनं तासाभरावर, आणि तीच राहिली होती. कारण विचारलं तर सांगायचे, थोरल्या बहिणीकडे शेवटी जायचं असतं, मोकळ्या हातानं नाही. मला वाटायचं की घाबरतात. खरं सांगायचं तर बरं वाटायचं की घाबरतात.

डॉक्टर वेडे होते, पण बेफिकीर नव्हते. हे मी मुद्दाम सांगतो. नंतर जे लोक भेटायला आले, त्यातल्या अर्ध्यांनी "काय गरज होती हो" असंच म्हटलं, आणि मला त्या लोकांचा अजून राग येतो. ते नदीवर गेले की आधी अर्धा तास काठावर नुसते बसायचे. वाळकी काटकी टाकायचे, ती कुठे जाते ते बघायचे, मग दुसरी जरा पुढे टाकायचे. पाण्यावर कुठे चकाकी आहे, कुठे सुरकुत्या आहेत, कुठे पाणी उलटं फिरतंय, सगळं बोटानं दाखवायचे. "पाणी बघून भितो तो जगतो. न बघता उडी मारतो त्याचा फोटो लागतो." हे त्यांचं वाक्य. एकदा मोझेलवर सकाळी गेलो, तासभर बसलो आणि "आज नाही म्हणतीय" असं म्हणून न उतरता परत आलो. येताना गाडीत अजिबात खट्टू नव्हते.

मला पाण्यात घालायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. आयफलच्या डोंगरात एक धरण आहे, तिथे पोहायला परवानगी आहे. दोन उन्हाळे ते मला घेऊन गेले. मानेखाली हात धरून म्हणायचे, सोड अंग, सोड, पाणी तुला काय खाणार आहे. शेवटी मी उताणा पडून तरंगायला शिकलो, त्याच्यापुढे नाही. गावाकडे त्यांच्या वडिलांनी त्यांना पाठीला वाळका भोपळा बांधून शिकवलं होतं. जर्मनीत तसा भोपळा मिळत नाही, म्हणून पुणेकर कच्चा राहिला, असं सगळ्यांना सांगायचे.

पोहण्याच्या तलावाशी मात्र त्यांचं हाडवैर होतं. मी त्यांना एकदा आग्रहानं नेलं. हालेनबाद, म्हणजे छपराखालचा तलाव, गरम पाणी, काचेची भिंत, सगळं छान. ते कपडे बदलून आले आणि पाण्याकडे निघाले, तेवढ्यात तलावावरच्या राखणदारानं, बाडेमाइस्टरनं, शिट्टी मारली. आधी शॉवर घ्या, म्हणाला. नियमच आहे तो, सगळ्यांना सांगतात. माझ्यापुढच्या गोऱ्यापान आजोबांनासुद्धा त्यानं तसंच परत पाठवलं होतं. डॉक्टर थांबले. त्यांनी विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, अहो, पाण्यात उतरायच्या आधी धुऊन या म्हणतोय. ते माझ्याकडे बघत राहिले, मग वळले आणि कपडे घालून बाहेर जाऊन बसले. मी चिडलो. तिकिटं काढलेली, सगळ्यांसाठी असलेला नियम, एवढं काय मनाला लावून घ्यायचं! बसमध्ये मी त्यांना जर्मन स्वच्छतेवर व्याख्यान दिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. उतरताना एवढंच म्हणाले, "तू बरोबर बोलतोयस. माझ्या कानाचा दोष आहे."

तो दोष मला चौदा एप्रिलला कळला. त्या दिवशी ते पांढरा शर्ट घालायचे, कपाटावरच्या बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावायचे आणि संस्थेतल्या सगळ्यांसाठी पातेलंभर खीर करायचे. मी वेलदोडे सोलत होतो. बोलता बोलता मी म्हटलं की आमचं पुणे अलीकडचं, खरं गाव कृष्णाकाठचं, पणजोबा तिथे घाटावरच्या देवळात पूजेला होते. डॉक्टरांचा डाव थांबला. कुठलं गाव, विचारलं. मी सांगितलं. त्यांनी दोन्ही हात पसरून हवेत नदी आखली. हे तुमचं गाव, वर. हे आमचं, असं खाली. "म्हणजे तुम्ही अंघोळ केलेलं पाणी आम्ही प्यालो की," म्हणाले आणि इतके हसले की खीर करपायला आली.

मग ढवळता ढवळता त्यांनी सांगितलं. त्यांच्या गावात नदीवर सगळ्यांत वर देवळाचा घाट. त्याच्या खाली गावाचं पाणी भरणं, त्याच्या खाली धुणं, त्याच्या खाली गुरं, आणि सगळ्यांत शेवटी, वळणाच्या पलीकडे, यांची वस्ती. आजी पाणी भरायची ते सगळ्या गावानं वापरून खाली आलेलं. यांचे वडील दहा-अकरा वर्षांचे असताना एका दुपारी खालून पोहत निघाले. धारेच्या उलट गुरं ओलांडली, धुणं ओलांडलं आणि थेट देवळाच्या घाटाच्या पायरीला हात लावला. वर चार माणसं बसली होती. त्यांनी पोराला मारलं, आणि पायऱ्यांवरून चालत जाऊ द्यायलाही तयार होईनात, पायऱ्या बाटतात म्हणून. उचलून पाण्यात फेकलं. आलास तसा वाहत जा खाली, म्हणाले. पोराचा हात मोडला होता. तो मोडक्या हातानं वाहत आपल्या वस्तीला लागला.

"तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे," डॉक्टर म्हणाले. "जिथून उतरायचं तिथूनच वर यायचं. पाण्यानं नेलं म्हणून खालच्या अंगाला बाहेर निघायचं नाही. बाबा मरेपर्यंत तसेच पोहले. मीही."

मी वेलदोडे सोलत राहिलो. माझ्या पणजोबांच्या घाटावर असलं काही घडलं होतं की नाही हे मला माहीत नाही, आणि घडलं नसेल असं म्हणायची माझी हिंमत नव्हती. ते चार लोक माझ्याच घरचे असल्यासारखं माझं तोंड झालं असणार, कारण डॉक्टरांनीच मला सोडवलं. खांद्यावर हात मारून म्हणाले, बरं झालं, तू घाटावरचा निघालास. आता मी नदीत उतरलो की तू काठावर माझा टॉवेल धरून उभा राहायचं. "तू माझा घाट. आणि घाट हलत नसतो, ध्यानात ठेव."

आम्ही दोघंही हसलो. पण मी ते मनावर घेतलं, आणि घेताना मला फार मोठं काहीतरी मिळाल्यासारखं वाटलं. माफीच म्हणा ना. त्यानंतर प्रत्येक नदीवर मी त्यांचे कपडे आणि टॉवेल घेऊन उतरायच्या जागी उभा राहायचो. चार-पाच नद्या आम्ही अशा केल्या. ते पाण्यात लांब जायचे, प्रवाह त्यांना खाली न्यायचा, मग मान वळवून मला शोधायचे आणि माझ्या रोखानं तिरके, चढत यायचे. दमून बाहेर यायचे. टॉवेल घेताना म्हणायचे, "आहेस होय घाटा?" मी म्हणायचो, कुठे जाणार. मला त्याचा अभिमान वाटायचा. काय माणूस असतो बघा.

ऱ्हाईनचा दिवस त्यांनीच ठरवला. ऑगस्टचा रविवार होता, ऊन मरणाचं, आणि पाऊस नसल्यामुळे नदी उतरलेली. कोलोनच्या खाली एक वळण आहे, तिथे उतरून चालत गेलो. काठावर कुटुंबंच्या कुटुंबं, ग्रिल पेटलेले, पोरं पाण्यात पाय बुडवून. पाण्याला आडवे दगडी बांध घातलेले आहेत, काठापासून आत शिरणारे, एकामागून एक. दोन बांधांच्या मध्ये पाणी असं शांत की वाटावं, ताटात वाढलंय. तोच तर मोह. बघणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा पाण्यात काय होणार आहे. डॉक्टरांनी मला सगळं दाखवलं. हे पाणी शांत नाही, गोल फिरतंय, बघ काटकी. बांधाच्या टोकाशी ते तुटतं आणि मग मधली धार लागते. माल भरलेलं जहाज गेलं की ते आधी काठाचं पाणी ओढून घेतं, मग परत फेकतं, म्हणून जहाज दिसत असताना बांधाच्या बाहेर जायचं नाही. हे सगळं त्यांना माहीत होतं. एक तास बसलो आम्ही. त्यांनी जहाजं मोजली, मधली अंतरं मोजली. दोन बांध सोडून खाली खडीचा सपाट किनारा होता, उथळ, तिथे पोरं बादल्या घेऊन खेळत होती. मी तो त्यांना दाखवला सुद्धा. म्हटलं, वेळ आली तर तिथे लागता येईल. त्यांनी तिकडे एकदा बघितलं. मग शर्ट काढून माझ्या हातात दिला. रिकामी बाटली शर्टात गुंडाळलेली होती.

पाण्यात उतरले तेव्हा खूश होते. ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि मला ओरडून सांगितलं, गोड आहे. बांधाच्या टोकापर्यंत गेले, थोडे पुढे गेले, वळले. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. खालून एक जहाज हळूहळू चढत येत होतं, ते आम्ही मोजलेलं होतं. वरून दुसरं आलं, वळणामागून, उतरत्या धारेनं, बघता बघता. ते मोजलेलं नव्हतं. दोन्ही जहाजं त्यांच्या समोरच एकमेकांजवळून गेली. माझ्या पायाजवळचं पाणी सरकन मागे गेलं आणि ओले दगड उघडे पडले. मग सगळं पाणी एकदम परत आलं, माझ्या गुडघ्यापर्यंत. मी वर बघितलं तर डॉक्टर बांधाच्या टोकापाशी नव्हते. पुढचा बांधही ओलांडून खाली गेले होते. डोकं वर होतं, हात चालत होते. तिथून खडीचा किनारा हाकेच्या अंतरावर होता. नुसतं अंग सोडलं असतं तर पाण्यानंच नेऊन टेकवलं असतं.

त्यांनी मान वळवून मला शोधलं. मी होतो. टॉवेल धरून, जिथे सांगितलं तिथेच. आणि ते माझ्या रोखानं चढायला लागले.

किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हाही सांगता आलं नाही. ते पोहत होते आणि जागचे हलत नव्हते. हात पडत होते, पाणी उडत होतं आणि त्यांच्यामागचं झाड तिथेच दिसत होतं. माझ्याजवळ एक म्हातारी जर्मन बाई कुत्रं घेऊन उभी होती. तिच्या लगेच लक्षात आलं. ती दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडायला लागली, "नाख उंटन! नाख उंटन!" खाली जा, खाली. तिला काय, तिच्या दृष्टीनं खाली म्हणजे फक्त खाली. पण एवढ्या पाण्यात ते तिचं कुठे ऐकणार, ते माझ्याकडे बघत होते. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, अहो, तुम्ही सांगा ना त्यांना, तुमच्या भाषेत सांगा.

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. खोटं नाही सांगत. डॉक्टर, खाली जा. तीन शब्द. पण मी, घाटावरच्या घरातला, वर काठाच्या दगडावर उभा राहून त्या माणसाला खाली जा म्हणू? ज्याच्या बापाला हेच सांगितलं होतं? माझी जीभ उचलली नाही. मला वाटलं, पोचतील. नेहमी पोचतात. मला वाटलं, मी हललो तर त्यांचा अपमान होईल. माणूस बुडत होता आणि मी त्याचा मान राखत उभा होतो.

मग हात पडायचे थांबले. डोकं थोडा वेळ दिसलं, अगदी ठणठणीत दिसलं, आणि मग दिसेना.

बाईनंच फोन केला. होड्या आल्या, हेलिकॉप्टर आलं, लोकांनी ग्रिल विझवले. मला एका पोलिसानं हाताला धरून खाली बसवलं, तोपर्यंत मी तिथेच उभा होतो.

तीन दिवसांनी सापडले, खूप खाली, हॉलंडच्या सीमेच्या अलीकडे. ओळख पटवायला मीच गेलो. कागदपत्रं, कॉन्सुलेट, संस्थेची माणसं, ते सगळं झालं, कसं झालं ते मला नीट आठवत नाही. आठवतो तो त्यांच्या आईचा फोन. मी त्यांना कधी भेटलो नव्हतो. डॉक्टर रविवारी त्यांच्याशी बोलायचे तेव्हा मागून "नमस्कार काकू" एवढंच म्हणायचो. त्या रडत नव्हत्या. माझं जेवण झालं का, विचारलं. मग थोडं थांबून म्हणाल्या, "बाळा, एक सांग. कुठं गावला तो?"

मी म्हणालो, "जिथून उतरले होते तिथेच, काकू. काठालाच."

"वरल्या अंगाला?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. "बापावाणी गेला." आणि फोन कोणाच्या तरी हातात दिला.

हे खोटं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या, ते खोटं बरोबर घेऊन. दया म्हणून बोललो असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. दया कसली? खाली सापडले म्हटलं असतं तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता, आणि तो माझ्याबद्दल असता.

मी आता गेर्लिंगेनला असतो, नेकारच्या बाजूला, नोकरी, घर, बायको, सहा वर्षांची मुलगी. खिडकीतल्या बाटल्या मी आखनचं घर सोडताना बरोबर आणल्या आणि इकडे नेकारच्या पुलावरून रिकाम्या करणार होतो. पण कुठल्या नदीचं पाणी कुठे ओतायचं याचाच निर्णय झाला नाही, त्यामुळे त्या खोक्यात तळघरात आहेत. त्यांत ऱ्हाईनची रिकामी बाटलीही आहे. आखनचं ते घर, ती संस्था, सगळं आहे तसंच आहे म्हणतात. त्या वळणावर आता मोठा फलक लावलाय, लाल, आत एक बुडणारा माणूस. तो फलक बघून उतरायचं थांबणारे उतरत नाहीत, बाकीचे उतरतात. दर उन्हाळ्यात बातमी येते. मी ती उघडून वाचतो, नाव वाचतो, वय वाचतो. आपल्यातला असला की दोनदा वाचतो.

मुलीला गेल्या हिवाळ्यात पोहण्याच्या वर्गाला घातलं. इथे सगळ्या मुलांना घालतात, समुद्रघोड्याचं चित्र असलेला बिल्ला मिळतो, तो आया पोहण्याच्या कपड्यावर शिवतात. मी काचेपलीकडे बाकावर बसतो. आत जात नाही, क्लोरिनच्या वासानं मळमळतं असं घरात सांगितलंय. मुलगी मराठी सगळं समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. बिल्ला मिळाला त्या दिवशी बसमध्ये ती मला नियम म्हणून दाखवत होती. जेवून लगेच पाण्यात जायचं नाही. एकटं जायचं नाही. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आणि नदीनं ओढलं तर काय करायचं गं? तिला माझ्या प्रश्नाचं आश्चर्यच वाटलं. इतकं सोपं.

"दान गेस्ट डू हाल्ट वाइटर उंटन राउस, पापा," ती म्हणाली. मग जरा खाली जाऊन बाहेर यायचं ना, बाबा. आणि बिल्ल्यावरच्या घोड्याला कुठलं नाव द्यावं, यावर बोलायला लागली.

मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिलो. तिच्या पाठीवर तीन पिढ्यांचं काहीच नाही, ना घाटावरचं, ना घाटाखालचं. तिला पोहण्याच्या वर्गातल्या बाईंनी दहा मिनिटांत शिकवलं आणि ती शिकली. डॉक्टर असते तर तिला उचलून घेतलं असतं. मला काय म्हणाले असते, ते मला कळत नाही. एवढ्या वर्षांत एकदाही कळलेलं नाही.

दर ऑगस्टमध्ये मी ऑफिसच्या कामाचं निमित्त सांगतो आणि एकटा त्या वळणावर जातो. टॉवेल बरोबर असतो, तोच. आधी त्या दगडावर उभा राहतो. मग, त्या दिवशी जे केलं नाही ते करतो. टॉवेल खांद्यावर टाकून काठाकाठानं खाली चालत जातो. पहिला बांध, दुसरा बांध, मग खडी. चारशे बारा पावलं आहेत. पळत गेलं तर तीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. खडीवर उभं राहिलं की पाणी आपणहून पायाशी येतं, आणि मधली धार इथून इतकी जवळ दिसते की वाटतं, टॉवेलचं टोक फेकलं तरी पोचेल. ते मला शोधत होते. मी इथे असतो तर ते इथे आले असते. मी जिथे असेन तिथेच ते येत होते.

त्यांना खाली जा म्हणायचंच नव्हतं, हे मला फार उशिरा सुचलं. पोरं बादल्या घेऊन खेळत असतात, कोणाचं माझ्याकडे लक्ष नसतं. मी पाण्याकडे तोंड करून, मोठ्यानं, मराठीत म्हणतो, "डॉक्टर, मी खाली आलोय. इकडे या."